आइस हॉकीचे सहहिस्सेदार

मंगळवारी सकाळी, दुसरा चहा होऊन तिसऱ्याची आशा मावळलेली असताना, नवीन पनवेलच्या कमळाकर टिपणीस यांच्यावर भारतीय आइस हॉकीची जबाबदारी येऊन पडली.

येऊन पडली म्हणजे त्यांनी ती ओढवून घेतली. इंटरनेटवर 'लोककोश' नावाचा एक ज्ञानकोश चालतो. तो कोणीही वाचावा, कोणीही लिहावा आणि लिहिलेलं कोणीही खोडावं, अशी त्याची उदार पद्धत. टिपणीस त्यात दोन वर्षं नेमाने लोकांच्या वेलांट्या सुधारत असत आणि लोक त्या नेमाने पुन्हा बिघडवत असत. त्या दिवशी तिथे एक सूचना झळकली : 'खालील लेख ठेवावा की वगळावा यावरची चर्चा अडली आहे. एखाद्या ज्येष्ठ सदस्याने सात दिवसांत निर्णय द्यावा.' निर्णय! निवृत्त झाल्यापासून टिपणिसांकडे घरातल्या भाजीचाही निर्णय आलेला नव्हता. त्यांनी 'मी देतो' असं लिहिलं आणि चष्मा पुसला.

लेख चार ओळींचा होता. 'भाविका जीवन भोपी ही भारतीय आइस हॉकीपटू आहे. ती करंजाडे, तालुका पनवेल येथे राहते. ती बचावफळीत खेळते. आशियाई स्पर्धेत ती भारताकडून एक सामना खेळली आहे.' वर लाल चौकट : 'या व्यक्तीची दखलपात्रता संशयास्पद आहे.' टिपणिसांना दखलपात्र हा शब्द गुन्ह्याच्या संदर्भात माहीत होता, त्यामुळे क्षणभर त्यांना त्या मुलीची काळजीच वाटली. खाली चर्चेत दोघे म्हणत होते ठेवा, दोघे म्हणत होते काढा. काढा म्हणणाऱ्यांपैकी अनुया नावाच्या सदस्येने पुरावा मागितला होता, आणि दुसऱ्याने एवढंच विचारलं होतं की पनवेलला बर्फ असतो का?

"असतो की," आशालताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मासळी बाजारात. सुरमईवर घालतात तो."

"अगं, हा खेळ आहे. एवढाल्या बर्फाच्या मैदानावर चाकं नसलेले स्केट घालून खेळतात."

"मग पनवेलची मुलगी तो कुठे खेळते?"

प्रश्न बिनतोड होता, आणि बायकोच्या बिनतोड प्रश्नांना उत्तर न देण्याचा टिपणिसांचा छत्तीस वर्षांचा अनुभव होता. त्यांनी नियम उघडले. नियम साधा होता : सदस्याने स्वतः शोध करत फिरू नये, त्या व्यक्तीबद्दल दोन स्वतंत्र ठिकाणी छापून आलं आहे का, तेवढं पाहावं. कुणाही माणसाने यावर दहा मिनिटं शोधाशोध केली असती आणि जेवायला बसला असता. पण टिपणिसांनी एकतीस वर्षं भूसंपादनाच्या कार्यालयात काढली होती. कोण पात्र, कोण अपात्र, कुणाचं नाव यादीत लावायचं आणि कुणाचं कमी करायचं, हे ठरवताना अव्वल कारकुनाच्या खुर्चीचा वेत तीनदा बदलावा लागला होता. 'स्वतः शोध करू नये' याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होता. शोध लोकांकडून करवून घ्यावा.

तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरी हेतलबेन मेंटेनन्सची पावती घेऊन आल्या. त्यांना प्रकरण कळायला दोन मिनिटं लागली आणि सल्ला सुचायला अर्धं.

"भाऊ, एवढं काय टेन्शन? ग्रुपवर पोल टाकते ना!"

टाकला. संध्याकाळपर्यंत चौदा जण म्हणाले ठेवा, नऊ जण म्हणाले काढा, तिघांनी पाण्याचा टँकर कधी येणार असं विचारलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी 'पार्किंगचा प्रश्न आधी सोडवा, मग हॉकी' असं लिहून ग्रुप सोडला. लोकमताचा हा कौल पाहून टिपणिसांचं मत पक्कं झालं की हे काम रीतसरच व्हायला हवं.

त्यांनी कोरा कागद घेतला आणि बऱ्याच वर्षांनी त्यांचा हात आपोआप चालू लागला. 'जाहीर नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे करंजाडे, तालुका पनवेल, जिल्हा रायगड येथील कु. भाविका जीवन भोपी यांचे नाव कोशात कायम ठेवणे अगर कमी करणे याबाबतची कार्यवाही प्रस्तावित आहे. तरी याबाबत कोणाही इसमाची हरकत, हक्क अगर हितसंबंध असल्यास त्यांनी सात दिवसांचे आत खालील पत्त्यावर पुराव्यासह हजर राहावे. मुदतीनंतर आलेल्या हरकतीचा विचार केला जाणार नाही.' खाली स्वतःचा पत्ता, सही आणि सहीखाली दोन रेघा. वाचून त्यांना इतकं बरं वाटलं की तिसरा चहा त्यांनी स्वतः करून घेतला.

एक प्रत सोसायटीच्या फलकावर लागली. दुसरी घेऊन ते रिक्षाने करंजाड्याला गेले, गावातल्या देवळाशेजारच्या फलकावर ती चिकटवली आणि चिकटवल्याचा पंचनामाही केला. पंच क्रमांक एक रिक्षावाला, पंच क्रमांक दोन देवळापुढे शेवग्याच्या शेंगा विकणारी बाई. बाईंनी सही करताना, "कुनाचं नाव काढताव?" एवढंच विचारलं. टिपणीस म्हणाले, "अजून ठरायचं आहे." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि शेंगांची पाटी आवरायला घेतली.

आता इथे थोडं थांबायला हवं. या मुलखात 'मौजे', 'तमाम लोकांस' आणि 'नाव कमी करणे' हे शब्द एका कागदावर दिसले की काय होतं, हे टिपणिसांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. इथल्या माणसांच्या भातखाचरांवर, मिठागरांवर शहरं उभी राहिली आहेत आणि त्या प्रत्येक शहराच्या आधी असाच एक कागद देवळाजवळ लागलेला आहे. ज्यांनी तो वाचला त्यांना भूखंड मिळाले, ज्यांनी नाही वाचला ते आजही कुठल्यातरी कचेरीच्या बाकावर बसलेले आहेत. एकतीस वर्षं असल्या नोटिसा काढलेल्या माणसाला हे त्या दिवशी आठवू नये, याला काय म्हणावं? आशालताबाईंनी त्याला पुढे जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता बेल वाजली. दारात एक माणूस होता, त्याच्या मागे जिन्यात सात, आणि खाली गेटपाशी वॉचमनशी हुज्जत घालणारे वेगळे. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत सातबारा, रेशनकार्ड, वारस दाखला, मयताचा दाखला आणि सगळ्याच्या पाच-पाच झेरॉक्स.

पुढे उभा होता तो भाविकाचा सख्खा काका, परेश भोपी. बिल्डिंगा बांधणारा, गळ्यात जाड साखळी, कपाळाला अष्टगंध. त्याने पायातले बूट बाहेर नीट लावून ठेवले, आत येऊन सोफ्यावर बसला आणि मुद्द्याला हात घातला.

"साहेब, आमी चौघं भाव हाव. जीवन तिसरा. मंग येकट्या जीवनचे पोरीचं नाव कसं काय लागतंय?"

"परेशराव, हा जमिनीचा विषय नाही. हा ज्ञानकोश आहे."

"असंल ना. पन नोंद हाय का नाय?"

"नोंद आहे, पण—"

"मंग नोंद सामाईकच होनार. आमचं वाटप जालेलं नाय."

टिपणिसांनी समजावून पाहिलं. मुलगी खेळते म्हणून तिचं नाव आहे, काका खेळत नाहीत म्हणून त्यांचं नाही. परेशने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं : "साहेब, तिला स्केटिंगचे बूट घेतले कुनी? आमच्या घरातल्या पैशानी. बूट सामाईक, मंग नाव येकटीचं? आनि सरकार उद्या कंचे वहीत बगंल, काय सांगता येतंय? आज कोश हाय, उद्या त्यालाच पुरावा धरला मंग? आमी बाहेर राहू ना!"

यावर टिपणिसांनी हरकती लिहायला कागद पुढे ओढला, कारण त्यांच्या नोकरीत हे असं खरोखरच दोनदा घडलं होतं.

मग रीतसर सुनावणी सुरू झाली. हरकत क्रमांक एक परेशची. हरकत दोन पळस्प्याच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची : भाविकाची आई पळस्प्याची, तेव्हा मुलीचं मूळ गाव पळस्पे लिहावं, करंजाड्याने सगळंच घेऊ नये. हरकत तीन एका तरुणाची. त्याला भाविका कोण हे ठाऊक नव्हतं, हॉकी कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं, पण "नोंदवून ठेवा साहेब, पुढं उपयोगी पडंल," असं म्हणून त्याने पोच मागितली. टिपणिसांनी ती सवयीने दिली. पोच मिळते म्हटल्यावर हरकतींचा आकडा दुपारपर्यंत एकतीसवर गेला. त्यांतली शेवटची हेतलबेनची होती : निवासी फ्लॅटमध्ये कचेरी चालवणं उपविधींच्या विरुद्ध आहे, लिफ्टवर ताण येतो. पोच त्यांनाही द्यावी लागली.

या एकतीस जणांपैकी एकानेही आइस हॉकीचा विषय काढला नाही. आशालताबाईंनी मात्र चहाचे बहात्तर कप केले आणि मग गॅस बंद करून त्या बहिणीकडे निघून गेल्या.

परेश हटला नव्हता. त्याला पुरावा लागतो एवढं समजलं होतं, म्हणून तो संध्याकाळी मोबाइलमध्ये पुरावा घेऊन आला. भाविका स्पर्धेहून परतली तेव्हा नाक्यावर लावलेल्या वीस फुटी फलकाचा फोटो होता तो. 'करंजाड्याच्या बर्फकन्येचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे चौतीस चेहरे, चौघे भाऊ सर्वांत मोठे, काळे चष्मे लावून. बर्फकन्या कोपऱ्यात होती. हेल्मेटमुळे चेहरा दिसत नव्हता आणि काठी धरण्याच्या पद्धतीवरून ती बहुधा कुणी परदेशी पुरुष असावी.

"हा स्वतंत्र स्रोत नाही," टिपणीस म्हणाले.

"स्वतंत्र कसा नाय? आमचे खर्चानी लावलाय!"

त्या रात्री लोककोशावर स्फोट झाला. कुणीतरी करंजाड्याच्या नोटिशीचा फोटो चर्चेच्या पानावर टाकला होता. अनुयाने लिहिलं होतं : 'हे काय आहे? आपण ज्ञानकोश लिहितो, गावठाण मोजत नाही. ही नोटीस तातडीने मागे घ्या. यापुढे टिपणीस यांना निर्णयाची कामं देऊ नयेत, असा माझा प्रस्ताव आहे.' टिपणिसांनी ते दोनदा वाचलं. एकतीस वर्षांत त्यांच्या नोटिशीचा मसुदा कुठल्या कलेक्टरने परत पाठवला नव्हता. आणि ही कोण कुठली अनुया! त्यांनी तीन परिच्छेदांचं बाणेदार उत्तर लिहिलं, वाचलं आणि पुसून टाकलं. त्यांना लागलं होतं ते वेगळंच. बाई बरोबर होती.

शुक्रवारी भाविका स्वतः आली. स्कूटीवर, पाठीला जवळजवळ तिच्याएवढी पिशवी. बावीस-तेवीस वर्षांची, दणकट, बोलायला मोकळी.

"काका, नोटीस तुम्ही लावली ना? आमच्या घरात तीन दिवस कोणी धड जेवलेलं नाही."

टिपणिसांनी माफी मागितली. त्यांना ती फारशी जमत नसे, पण मागितली. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता : तू हा खेळ शिकलीस कुठे?

"करंजाड्याच्या रस्त्यांवर. आधी रस्ते झाले, लाइटी लागल्या, आणि माणसं आलीच नाहीत बरीच वर्षं. एवढे रुंद रस्ते, एक गाडी नाही. आम्ही चाकाच्या स्केटवर प्लास्टिकच्या झाकणाने हॉकी खेळायचो. मग एका सरांनी बघितलं, लडाखच्या कॅम्पला नेलं. पहिल्यांदा बर्फावर उभी राहिले ती डायरेक्ट पडलेच."

"आणि तो सामना?"

"शून्य-नऊने हरलो," ती हसली. "मी सात मिनिटं होते आत. त्यात तीन गोल गेले. एक मात्र मी अडवला. पायाने. हे बघा." तिने पँट जरा वर करून नडगीवरची खूण दाखवली. मग पिशवीतून एक फाईल काढली. त्यात अधिकृत सामनापत्रिका होती, स्पर्धा झाली त्या देशातल्या इंग्रजी वर्तमानपत्राचं कात्रण होतं आणि पुण्याच्या एका दैनिकात तिच्यावर आलेला अर्ध्या पानाचा लेख होता. दोन स्वतंत्र स्रोत. जे शोधायला टिपणिसांनी दोन गावं उठवली होती, ते या मुलीच्या पिशवीत गुडघ्याच्या पट्ट्यांखाली पडलेलं होतं.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं. "राहावं का नाव?"

तिने फाईलची दोरी गुंडाळली. "मोठी प्लेअर नाहीये मी, काका. पण ती सात मिनिटं माझी आहेत ना! घरी सगळ्यांना वाटतं, पोरगी थंड हवेला जाते. राहिलं तर मला आवडेल. खूप आवडेल."

सोमवारी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, निर्णय द्यायला टिपणीस बसले आणि बेल वाजली. परेश होता. बरोबर भाविकाची आजी, रंभाबाई. हिरवं नऊवारी, दंडात जुन्या घडणीचं चांदीचं कडं. त्या सोफ्याच्या कडेवर टेकल्या.

परेशने टेबलावर कागद ठेवला. स्टॅम्प पेपर, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार. 'हक्कसोड पत्र. मी, कु. भाविका जीवन भोपी, कोशातील माझे नावे असलेल्या नोंदीवरील माझा संपूर्ण हक्क, हिस्सा व हितसंबंध माझे वडील व चुलते यांचे लाभात, कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने व अक्कलहुशारीने, कायमचा सोडून देत आहे.' खाली भाविकाची सही. सही घाईतली होती.

"आता काय वादच नाय," परेश म्हणाला. "चौघांची नावं लावा. नायतर नोंदच काढा. पन येकटीचं नको. साहेब, मी काय तिचे वाइटावर नाय. घरात तंटा नको येवडंच."

टिपणिसांचा फोन वाजला. भाविकाचा मेसेज होता. 'काका, विमानतळावर आहे. कॅम्पला निघाले. सही केली, नाहीतर मला सोडत नव्हते. तुमच्या नियमात बसेल ते करा. रागावणार नाही.'

नियमाने पाहिलं तर काम सोपं झालं होतं. ज्याच्या नावाचा प्रश्न, त्यानेच हक्क सोडलेला. टिपणिसांच्या हातात पेन होतं आणि हाताला वाक्य पाठ होतं : 'हक्कसोड दाखल. नाव कमी करणेस हरकत नाही.' हे वाक्य त्यांनी किती वेळा लिहिलं असेल? हजार? दोन हजार? प्रत्येक वारस चौकशीत आधी मुलींची नावं येत, मग एक दिवस हा कागद येई, आणि ते हे वाक्य लिहीत. प्रत्येक कागदावर 'स्वखुशीने' असे. त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं की समोर कोण बसलं आहे. प्रकरण निकाली निघाल्याचा आनंद मात्र व्हायचा. आज त्यांना त्याची लाज वाटली, चांगली सणसणीत लाज वाटली.

"परेशराव," ते म्हणाले, "तुम्ही चौघे भाऊ. तिच्या सात मिनिटांत तीन गोल गेले आणि एक भाविकाने नडगीवर घेतला. वाटपच करायचं तर तीनही गोल तुमच्या नावावर लावतो. नडगीचं काय करायचं? ती सामाईक आहे का?"

परेशने आईकडे पाहिलं. रंभाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या.

"हरल्याचं आमचे नावावर कशाला?" तो शेवटी म्हणाला.

"नोंद तशीच आहे. शून्य विरुद्ध नऊ. चौघांच्या नावानिशी छापावं लागेल, साऱ्या जगाला दिसेल."

परेशने विचार केला. धंदेवाला माणूस होता. बोजा असलेली मिळकत घेऊ नये हे त्याला कळत होतं. "ऱ्हाऊ द्या मंग तिचेच नावावर," तो म्हणाला, आणि स्टॅम्प पेपरची घडी घालून खिशात ठेवायला गेला. टिपणिसांनी तो मागून घेतला, दोनदा उभा, दोनदा आडवा फाडला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. एकतीस वर्षांत त्यांनी फाडलेला हा पहिला दस्त. मग त्यांनी दोन्ही स्रोत जोडून लोककोशावर एक शब्द लिहिला : 'ठेवावा.' पाचव्या मिनिटाला अनुयाचं उत्तर आलं. 'निर्णय योग्य. पद्धत भयंकर. टिपणीस यांना सहा महिने निर्णयाची कामं नकोत.' टिपणिसांनी खाली 'मान्य' असं लिहिलं आणि त्यांना वाटलं होतं तेवढं ते जड गेलं नाही.

परेश गाडी वळवायला खाली गेला. रंभाबाई उठल्या नाहीत.

"पोरीचं नाव कंचे कागदावर हाय?" त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"कागदावर नाही, आजी. इथे." टिपणिसांनी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि नावावर बोट ठेवलं. लाल चौकट गेलेली होती.

रंभाबाईंनी डोळे बारीक करून त्या ओळीकडे पाहिलं. मग डावा हात पदराला स्वच्छ पुसला आणि अंगठा पुढे केला.

"कुठं द्यावाचा?"

"काय?"

"अंगठा."

"इथे अंगठा लागत नाही, आजी."

त्यांना ते पटलं नाही. "माझे बापाचे घरचा कागद दाखवला, मंग अंगठा घेतला, मंग नाव नवतं. नवऱ्याचे जमिनीचा दाखवला, मंग बी तसाच. कागद दाखवला का अंगठा लागतेच." त्यांचा अंगठा अजून पुढेच होता. "पोरीचं काढताना तिला तरास नको. ती लांब गेलीय. मी हाय ना, माझा घ्या."

टिपणिसांनी रंभाबाईंचा हात धरला, अंगठा आत मिटवला आणि तो हात त्यांच्या मांडीवर ठेवला. मग खुर्ची जवळ ओढून घेतली आणि त्या चार ओळी मोठ्याने वाचल्या. रंभाबाई म्हणाल्या, परत वाचा. त्यांनी परत वाचल्या. खालून परेश हॉर्न वाजवत होता.